पायाखालच्या जमिनीची परीक्षा

घर बांधावयाचे ठरले म्हणजे माणूस किती गोष्टींची चौकशी करतो! सिमेंट कोणते आणावे, लोखंड कोठले घ्यावे, दारे सागवानी असावीत की दुसऱ्या लाकडाची, फरशी कोणत्या रंगाची, या एकेका प्रश्नासाठी तो दहा दुकाने पालथी घालतो आणि वीस जणांचा सल्ला घेतो. परंतु ज्या जमिनीवर या साऱ्याचा भार पडावयाचा, तिची चौकशी मात्र बहुधा तिच्या दरापुरतीच होते. चौरस फुटाला भाव काय, हे सर्वजण विचारतात; चौरस मीटरला ती किती भार सोसेल, हे क्वचितच कोणी विचारतो. हा दुसरा प्रश्न जमिनीला कसा विचारतात, तिचे उत्तर कसे वाचतात, आणि ते उत्तर शेजाऱ्याकडून उसने का आणता येत नाही, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी स्थापत्य-अभियंता नव्हे. मराठी भाषा व वाङ्मय हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि शास्त्रीय पुस्तिका मराठीत आणणे हे माझे काम. मातीच्या बलाबलाचे शास्त्र भाषांतराच्या निमित्ताने माझ्या वाट्यास आले. परंतु बंगळूरच्या जयनगर भागात माझे वास्तव्य असल्यामुळे ग्रंथांत वाचलेली ही परीक्षा रस्त्याच्या कडेला घडताना मला पाहावयास मिळाली. आणि जेथे ती घडावयास हवी होती तेथे ती न घडताच पाया खणला गेल्याचेही दिसले. त्या पाहण्यातून पुढील मत बनले आहे.

भूखंड तोच, भार नवा

जयनगर ही बंगळूरच्या दक्षिण भागातील नियोजित वसाहत. तत्कालीन गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते १९४८ साली तिचा प्रारंभ झाला, आणि त्या प्रारंभाची खूण असलेला अशोकस्तंभ लालबागेपासून जवळच आजही उभा आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, साठ फूट लांब व चाळीस फूट रुंद असे भूखंड, आणि त्यांवर बैठी किंवा एकमजली घरे, असे या वसाहतीचे मूळ रूप होते. त्या घरांच्या जाड भिंती दगडी पायावर उभ्या असत. भिंतीच्या सबंध लांबीवर भार पसरत असल्यामुळे जमिनीच्या कोणत्याही एका जागेवर फारसा ताण येत नसे.

आता ही घरे एकामागून एक उतरविली जात आहेत. त्याच भूखंडावर खाली मोटारींसाठी मोकळा तळ आणि वर तीन-चार मजले अशी इमारत उभी राहते. भिंतीचे काम आता खांबांकडे आले आहे. याचा अर्थ काय होतो, हे थोड्या हिशेबाने कळेल. काँक्रीटच्या इमारतीचा प्रत्येक मजला, त्यावरील माणसे व सामान धरून, दर चौरस मीटरला ढोबळ मानाने एक टन भार खाली पाठवितो असे समजू. एकेक मजला दीडशे चौरस मीटरांचा आणि एकंदर पाच स्लॅब धरले, तर भार साडेसातशे टन झाला. तो बारा खांबांत वाटला तरी प्रत्येक खांबाच्या वाट्यास साठ टनांहून अधिक भार येतो. भूखंड तोच, माती तीच. पण पूर्वी भिंतीच्या लांबीवर पसरून येणारे ओझे आता बारा ठिकाणी एकवटून येते. जुने घर साठ वर्षे निर्वेध उभे राहिले, हा त्या जुन्या घराच्या भाराविषयीचा पुरावा आहे. नव्या इमारतीच्या भाराविषयी तो काहीच सांगत नाही.

पहारीपासून घणापर्यंत

जमिनीची ताकद ठोकून पाहण्याची कल्पना नवी नाही. आपल्याकडील जुने गवंडी पाया खणताना तळाशी पहार मारून पाहत. पहार किती रुतली आणि तिचा आवाज कसा आला, यावरून 'मुरूम लागला' की 'अजून माती आहे' हे ते सांगत. हा निर्णय अनुभवाचा होता, आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरे. त्यातील उणीव एवढीच की पहार मारणाऱ्याच्या मनगटात किती जोर आहे, हे मोजावयाचे साधन नव्हते. एका गवंड्याची कठीण जमीन दुसऱ्याला मऊ वाटली, तर खरे कोणाचे मानावयाचे?

आधुनिक परीक्षेने हे मनगट काढून घेतले आणि त्याच्या जागी ठराविक वजनाचा घण ठेवला. १९०२ च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरी चार्ल्स गो या अभियंत्याने जमिनीत नळी ठोकून कोरडा नमुना वर काढण्याची रीत सुरू केली. पुढे १९२० नंतरच्या दशकात तेथील अभियंत्यांनी नळीचे माप, घणाचे वजन आणि तो पडावयाची उंची निश्चित केली. मृदायांत्रिकीचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या कार्ल टेर्झागी यांनी १९४७ साली या रीतीला 'प्रमाण भेदन परीक्षा' या अर्थाचे नाव दिले, आणि पुढील वर्षी राल्फ पेक यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथातून तिची आकडेवारी जगभर पोहोचविली. भारतात या परीक्षेचे मानक, क्रमांक २१३१, १९६३ साली प्रसिद्ध झाले व १९८१ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

परीक्षा पाहावयास अगदी साधी असते. भूखंडावर लोखंडी नळ्यांचे उंच तिकाटणे उभारतात. त्याच्या माथ्यावर कप्पी, कप्पीवरून दोर, आणि दोराला ६३.५ किलोग्रॅम वजनाचा घण. कामगार या घणाला 'मंकी' म्हणतात. प्रथम जमिनीत सुमारे चार ते सहा इंच व्यासाचे भोक ठराविक खोलीपर्यंत पाडतात व त्याचा तळ साफ करतात. मग त्यात सळ्यांच्या टोकाला जोडलेली एक जाड पोलादी नळी सोडतात. हिचा बाहेरचा व्यास सुमारे ५१ मिलिमीटर व आतला ३५ मिलिमीटर असतो, आणि ती उभी दुभागता येते. घण ७५ सेंटिमीटर उचलून मोकळा सोडावयाचा, तो सळ्यांच्या माथ्यावर आदळावयाचा, आणि नळी किती खाली गेली हे पाहावयाचे. पहिले १५ सेंटिमीटर नळी शिरण्यास जे आघात लागतात ते सोडून देतात, कारण भोकाच्या तळाची माती खोदकामाने हललेली असते. त्यापुढील ३० सेंटिमीटरांना जेवढे आघात लागतील, ती त्या खोलीवरील आघातसंख्या. नंतर नळी वर काढून दुभागतात, आणि आत अडकलेल्या मातीचा नमुना हाती येतो. जमिनीचा थर बदलेल तेथे, आणि एरवी जास्तीत जास्त दीड मीटराच्या अंतराने, हीच क्रिया खाली खाली करीत जातात.

या एका संख्येतून किती अर्थ निघतो, ते पाहण्याजोगे आहे. वाळूच्या जमिनीत आघातसंख्या ४ च्या आत असली तर वाळू अतिशय सैल समजतात. १० पर्यंत सैल. ३० पर्यंत मध्यम. ५० च्या वर गेली तर अत्यंत घट्ट. चिकणमातीत २ च्या आत म्हणजे हाताने सहज दाबली जाणारी अतिमृदू माती, ८ ते १५ मध्ये ताठर, ३० च्या वर कठीण. आणि घणावर घण पडूनही नळी पुढे सरकेनाशी झाली, पन्नास आघातांनीही १५ सेंटिमीटर शिरेना, म्हणजे अभियंते त्या स्थितीला जो इंग्रजी शब्द वापरतात त्याचा सरळ मराठी अर्थ 'नकार' असा होतो. भाषांतर करताना हा शब्द मला प्रथम विचित्र वाटला होता. जमीन कसली नकार देणार! परंतु काम पाहिल्यावर तोच शब्द योग्य असल्याची खात्री पटली. खाली जाण्यास जमिनीने दिलेला तो नकारच असतो. फक्त तो कोणी दिला, हे नीट ओळखावे लागते. त्याचे कारण पुढे येईल.

शीत आणि भात

आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' अशी म्हण आहे. एक शीत दाबून पाहिले की सारा भात शिजला की नाही ते कळते. ही परीक्षा खरी ठरते, कारण भांड्यातील सारे तांदूळ एकाच जातीचे असतात, एकाच आधणात पडलेले असतात आणि त्यांना एकच आच लागलेली असते. जमिनीची गोष्ट अशी नाही. तिचे भांडे कोट्यवधी वर्षे चुलीवर आहे, आणि आच सर्वत्र सारखी लागलेली नाही.

जयनगरकडून लालबागेत शिरले की एक प्रचंड उघडा खडक लागतो. माथ्यावर केम्पेगौडाचा बुरूज असलेला हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे. पट्टेदार नाइस जातीचा हाच खडक शहराच्या मोठ्या भागाखाली पसरलेला आहे. लालबागेत तो उघडा दिसतो म्हणून जवळच्या प्रत्येक गल्लीत तो हाताशी असेल, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु ती चुकीची आहे. पाणी खडकाच्या भेगांतून आत शिरते आणि भेगांच्या कडेने त्याची माती करीत जाते. जेथे भेगा दाट तेथे माती खोलवर तयार होते; जेथे विरळ तेथे खडक वर राहतो. वर लाल माती, तिच्याखाली वाळूमिश्रित गाळमाती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि शेवटी अभंग खडक असा क्रम साधारणतः आढळतो. पण प्रत्येक थराची जाडी एका भूखंडाहून दुसऱ्या भूखंडात बदलू शकते.

शिवाय या झिजेत मध्येच मोठमोठे गोल धोंडे न झिजता शिल्लक राहतात, आणि त्यांच्या भोवती व खाली मऊ माती असते. परीक्षेची नळी अशा धोंड्यावर आदळली तर ती लगेच 'नकार' देते. नोंदवहीत 'खडक लागला' असे लिहिले जाते. वस्तुतः लागलेला असतो तो धोंडा. नकार खडकाचा की धोंड्याचा, हे ठरवावयाचे असेल तर तेथे न थांबता हिरकणी-टोकाच्या यंत्राने आणखी काही मीटर छेद घेऊन दगडाचा दंडगोल वर काढावा लागतो. दगड-मातीचे हे मिश्रण किती फसवे असते, याचा अनुभव बंगळूरच्या मेट्रो रेल्वेसही आला. पहिल्या टप्प्यात मॅजेस्टिक व चिकपेट यांच्या दरम्यान बोगदा पाडताना यंत्रे अशाच मिश्र जमिनीत अडखळली व कामास दीर्घ विलंब झाला. ज्या कामापाठीमागे मोठी यंत्रणा असते त्याची ही कथा, तर एका बोअरच्या कागदावर विसंबणाऱ्या घरमालकाची काय?

आणखी एक गोष्ट या शहरास विशेष लागू आहे. बंगळूर हे तळ्यांचे शहर होते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मुख्य बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आले. मोठ्या तळ्यांची नावे इतिहासात राहिली. पण त्यांना जोडणारे ओढे, लहान डबकी, विटांसाठी माती काढलेले खड्डे यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. जयनगराच्या कडेस येडियूरचे तळे अजून आहे, त्यामुळे पाणी कोठे साचत होते याची आठवण तरी राहते. जेथे डबके भरून वर रस्ता झाला, तेथे वरच्या मातीकडे पाहून खालच्या गाळाची कल्पना येणार कशी? दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

यासाठीच 'शेजारच्या भूखंडाचा अहवाल आहे, तोच लावून टाका' ही रीत मला घातक वाटते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना, ज्या भूखंडावर तिकाटणे कधी उभेच राहिले नव्हते त्याचा परीक्षा-अहवाल हाती आला होता. आकडे शेजारच्या जागेचे, नाव यांचे. आकडे कदाचित जुळलेही असते. परंतु दुसऱ्याच्या नाडीवर हात ठेवून आपल्याला औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण जाऊ काय?

किती खोल विचारावे?

परीक्षा आपल्याच जागेत केली तरी ती पुरेशी खोल गेली पाहिजे. याचे उत्तम उदाहरण कॅनडातील आहे. विनिपेगजवळ ट्रान्स्कोना येथे रेल्वे कंपनीने धान्याचे एक प्रचंड कोठार बांधले. त्याचा काँक्रीटचा तळ सुमारे २३ मीटर रुंद व ५९ मीटर लांब होता. बांधण्यापूर्वी जमिनीची भार-परीक्षा झाली होती. परंतु ती पायाच्या पातळीवर, लहानशा क्षेत्रावर. वरची चिकणमाती ताठर होती, आणि तिने ती परीक्षा सहज पार केली. १९१३ च्या ऑक्टोबरात कोठारात धान्य भरले जात असता ते खचू लागले, आणि एका दिवसाच्या आत सुमारे २७ अंशांनी कलले. इमारत स्वतः फुटली नाही. काँक्रीट उत्तम होते. दोष होता तो खाली, ताठर थराखालच्या मऊ चिकणमातीत. पुढे खालच्या खडकापर्यंत खांब उतरवून ते कोठार पुन्हा सरळ करण्यात आले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेथील जमिनीत खोल भोके घेऊन तपासणी झाली, तेव्हा या मऊ थराचे बळ मोजले गेले.

यातील तत्त्व असे: पाया जितका रुंद, तितका त्याचा दाब खोलवर पोहोचतो. चौरस पायाखाली त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीवरही मूळ दाबाचा सुमारे दहावा भाग शिल्लक असतो. लहान तबकडीखालचा दाब वरच्या थरातच विरून जातो. विस्तीर्ण कोठाराचा दाब खालच्या मऊ थरापर्यंत जाऊन भिडतो. जवळजवळ असलेले खांबांचे पायेदेखील एकत्रितपणे एखाद्या मोठ्या पायासारखे वागू लागतात. म्हणून 'पाच फुटांवर कठीण लागले, पुरे' हा निर्णय बैठ्या घराला कदाचित चालेल; चार मजल्यांना चालेल असे मानावयाचे कारण नाही.

मोजणाऱ्याचा हात

ही परीक्षा जितकी साधी तितकीच बिघडावयास सोपी आहे. घण ७५ सेंटिमीटर उचलावयाचा असतो. दुपारच्या उन्हात दोर ओढून थकलेल्या कामगाराने तो ६० सेंटिमीटरच उचलला, तर प्रत्येक आघाताची शक्ती पंचमांशाने घटली. मग जेथे खरे १२ आघात लागावयाचे तेथे १५ लागतील. नोंदवहीत १५ लिहिले जाईल, आणि जमीन आहे त्याहून बळकट दिसेल. येथे आळसाची चूक धोक्याच्या बाजूने पडते, हे नीट ध्यानी घ्यावयास हवे. उलट, पाण्याखालच्या वाळूत भोकातील पाण्याची पातळी राखली नाही तर तळाची वाळू उसळून सैल होते व आघातसंख्या कमी येते. तेव्हा चांगली जमीन वाईट ठरते. दोर, कप्पी व सळ्या यांतही आघाताची बरीच शक्ती वाया जाते. त्यामुळे आता अभियंते प्रत्यक्ष मिळालेली शक्ती मोजून संख्या साठ टक्के शक्तीच्या पायरीवर आणतात, आणि वरच्या मातीचे वजन व पाण्याची पातळी यांसाठीही दुरुस्त्या करतात.

आघातसंख्या सर्व काही सांगते असेही नव्हे. महाराष्ट्रातील काळ्या कापसाच्या जमिनीचे उदाहरण घ्या. एप्रिल-मे महिन्यांत ती भेगाळून दगडासारखी कठीण होते, आणि तेव्हा घण मारला तर आघातसंख्या भरपूर येते. तीच जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, हिवाळ्यानंतर पुन्हा आक्रसते, आणि तिच्यावरील हलक्या घरांच्या भिंती तिरप्या तडकतात. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या भागांतील वाचकांना हे दृश्य परिचित असेल. फुगवट्याची ही प्रवृत्ती नळीतून आलेला नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळते. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले खांब प्रचारात आणले, ते याच अनुभवातून. बंगळूरची लाल माती इतकी फुगत नाही. परंतु तीही कोरडी असताना जेवढी घट्ट असते तेवढी भिजल्यावर राहत नाही. म्हणून मार्चमध्ये घेतलेला आकडा वाचताना ऑगस्ट डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

असे असूनही या साध्या परीक्षेचे मोल कमी होत नाही. १९६४ च्या जून महिन्यात जपानमधील नीगाता शहरी भूकंप झाला, तेव्हा कित्येक काँक्रीट इमारती न फुटता, जशाच्या तशा कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी क्षणभर द्रवासारखी झाली होती. अशी वाळू कोठे धोक्याची व कोठे सुरक्षित, हे ओळखण्याची जी रीत सीड व इद्रिस या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडली, तिचा आधार हीच आघातसंख्या होती. याच कामासाठी हॉलंडात विकसित झालेली शंकूची परीक्षाही वापरतात. तीत ६० अंश कोनाचा, १० चौरस सेंटिमीटर तळाचा शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या संथ वेगाने जमिनीत दाबतात व प्रतिकार सतत नोंदतात. मऊ गाळात ती अधिक सूक्ष्म उत्तर देते. पण मुरूम-धोंड्यांच्या जमिनीत शंकू अडून बसतो, आणि नमुना तर तो आणीतच नाही. जयनगरसारख्या ठिकाणी घण आणि नळी यांचीच जोडी अधिक उपयोगी पडते.

आक्षेप आणि उत्तरे

या परीक्षेविरुद्ध सर्वसाधारण माणूस तीन आक्षेप घेतो. पहिला खर्चाचा. वस्तुतः सबंध बांधकामाच्या खर्चापुढे हा खर्च अत्यल्प असतो. आणि जमीन चांगली निघाली तर अकारण मोठा धरलेला पाया लहान करता येऊन तो परतही मिळू शकतो. दुसरा आक्षेप असा की, 'आम्ही सुरक्षिततेसाठी पाया मोठाच घालतो.' परंतु खाली गाळ असेल तर पाया रुंद केल्याने दाब अधिक खोल जातो एवढेच. आणि अर्धी इमारत खडकावर, अर्धी भरावावर असेल तर पायाच्या आकाराने काही साधत नाही. सारे घर सारखेच बसले तर फारसे बिघडत नाही. एक बाजू बसली आणि दुसरी उभी राहिली, म्हणजे भिंती तडकतात. मराठीत आपण 'घर बसले' आणि 'घर खचले' असे वेगळे बोलतो, त्यात हा अनुभव साठलेला आहे.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. भूमितपासणीची भारतीय संहिता, क्रमांक १८९२, सुमारे ०.४ हेक्टर जागेवरील इमारतीसाठी चार कोपऱ्यांत चार व मध्ये एक अशी भोके सांगते. पण लहान व कमी महत्त्वाच्या इमारतीला मध्यभागी एकच भोक किंवा खड्डा पुरेसा मानते. साठ-चाळीसचा भूखंड म्हणजे त्या जागेचा सुमारे अठरावा हिस्सा. तेव्हा एक भोक नियमात बसते, हे खरे आहे. परंतु 'लहान' हा शब्द येथे भूखंडास लावावयाचा की इमारतीस? बैठे घर लहान होय; बारा खांबांवर साडेसातशे टन तोलणारी आणि चार कुटुंबांना आसरा देणारी इमारत, तिची जागा लहान असली तरी, लहान म्हणता यावयाची नाही. अशा ठिकाणी परस्परविरुद्ध कोपऱ्यांत किमान दोन भोके घ्यावीत, नकार लागल्यावर निदान एकात तरी खडकाचा छेद घ्यावा, आणि हे सारे नकाशा पक्का होण्यापूर्वी व्हावे, असे माझे मत आहे. पाया खणून झाल्यावर केलेली परीक्षा म्हणजे लग्नानंतर केलेली स्थळाची चौकशी होय.

उत्तरे जपून ठेवावीत

शेवटची सूचना सार्वजनिक हिताची आहे. आज प्रत्येक भूखंडावर जमिनीला विचारलेला प्रश्न आणि तिने दिलेले उत्तर एका फाइलीत जाते, आणि इमारत पुरी झाली की ती फाइल कोठे जाते हे मालकासही ठाऊक नसते. याउलट, भारतीय विज्ञान संस्थेतील टी. जी. सीताराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरमधील शेकडो बोअरांच्या नोंदी एकत्र करून शहराच्या जमिनीची भूकंपदृष्ट्या विभागणी तपासली, तेव्हा विखुरलेल्या आघातसंख्यांतून सबंध शहराखालचे चित्र उभे राहिले. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे अशा दहा लाखांहून अधिक भोकांच्या नोंदी आहेत व त्यांपैकी बहुसंख्य कोणासही पाहता येतात. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून सार्वजनिक संस्थांनी भूगर्भाची माहिती राष्ट्रीय नोंदवहीत द्यावी असा कायदाच आहे. आपल्या नगरपालिकांनी बांधकामाच्या परवानगीबरोबर येणारे बोअरचे तक्ते जपून ठेवले व वाचनालयांतून खुले केले, तर त्यास फारसा खर्च नाही.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याचा अहवाल वापरू नका असे सांगून पुन्हा सर्वांचे अहवाल एकत्र का मागता? यात विसंगती नाही. शेजाऱ्याचा तक्ता पाहून आपल्या जागेत कोणता प्रश्न विचारावा, किती खोल विचारावा, कोठे सावध राहावे हे कळते. उत्तर मात्र आपल्याच जमिनीने द्यावयाचे असते.

शाळांतील विद्यार्थ्यांना व वाचनालयांत येणाऱ्या गृहस्थांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या रस्त्यावर कोठे तिकाटणे उभे दिसले तर काही वेळ थांबून घणाचे आघात मोजा. पहिले पंधरा सेंटिमीटर सोडून पुढचे तीस. नळी उघडल्यावर आत कोणती माती आली ते पाहा. मुरूम असेल, लाल माती असेल, कदाचित कोणाच्याही लक्षात नसलेल्या जुन्या डबक्याचा काळा गाळ असेल. आणि स्वतःचे घर बांधावयाची वेळ आली म्हणजे घण किती उंचीवरून पडतो आहे, हे पाहण्यास त्या दिवशी तेथे स्वतः हजर राहा. घराच्या आयुष्यातील तो एकच दिवस असा असतो की ज्या दिवशी जमीन बोलते. त्यानंतर ती बोलते ती भिंतीच्या तड्यांतून, आणि तोपर्यंत ऐकण्यास उशीर झालेला असतो.